स्ट्राउडला, गवत कापायचं पहिलं यंत्र बघायला

१९८९च्या मे महिन्यात बाबा ठाण्याहून आमच्याकडे लंडनजवळ हॅरोला आले आणि तिसऱ्याच दिवशी शेजारीणबाईंनी आमच्या वाढलेल्या गवताबद्दल दारातून चिठ्ठी सरकवली. या देशात शेजारचा माणूस आठवडाभर दिसला नाही तरी कोणी विचारत नाही, पण गवत चार बोटं वाढलं की लगेच चिठ्ठी. माझं डोकंच फिरलं. हे खूळ सुरू कुठे झालं ते तरी बघू, म्हणत शनिवारी बाबांना गाडीत बसवलं आणि स्ट्राउडकडे निघाले. गवत कापायचं यंत्र जन्मलं ते तिथेच, आणि तिथे त्याचं एक संग्रहालयही आहे.

एम-फोर हायवेने स्विंडनपर्यंत, मग वळणावळणाचा रस्ता. अडीच तास धरा. थर्मास न्याच, हायवेवरच्या सर्व्हिसेसमधला चहा म्हणजे गरम पाणी. संग्रहालय म्हणजे गावाबाहेरची एक शेड, तिकीट एक पौंड.

आत मात्र आम्ही रमलो. पूर्वी बड्या लोकांची हिरवळ कापायला पहाटे, गवत दवाने ओलं असतानाच, लांब दांड्याचे विळे घेऊन माणसं राबायची. मग इथल्या एका मेकॅनिकने गिरणीतलं, लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र पाहिलं आणि तीच युक्ती चाकांवर बसवून गवतावर फिरवली. पुढे मोठी यंत्रं घोडे ओढू लागले, तर हिरवळीवर टापा उमटू नयेत म्हणून घोड्यांना कातडी बूट! विळेवाल्यांचं पुढे काय झालं, याची पाटी मात्र कुठेच नव्हती.

शेवटी तिथल्या गाइडने एका जुन्या यंत्राच्या पात्यात कागद धरून दांडा ढकलला. कागद कापला जायच्या ऐवजी चुरगळला. यंत्र म्हातारं झालंय, असं तो हसत म्हणाला. बाबा पुढे होऊन वाकले आणि त्यांनी एका स्क्रूकडे हात नेला. गाइडने त्यांचं मनगट धरून बाजूला केलं आणि मला विचारलं, यांना इंग्लिश कळतं का?

मी काही बोलायच्या आत बाबांनीच त्याला स्वच्छ इंग्लिशमध्ये सांगितलं की खालचं पातं डावीकडे टेकत नाहीये. तो लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश 'थँक यू' म्हणाला आणि पुढच्या यंत्राकडे वळला.

परतीचे शंभर मैल मी नुसती चडफडत होते. बाबा खिडकीतून मेंढ्या बघत होते. घरी येताच मी तक्रारीचं पत्र लिहायला बसले.

"माफी वगैरे राहू दे," बाबा म्हणाले. "डावा स्क्रू अर्धा आटा आवळा, एवढंच लिही. चांगलं मशीन फुकट पडलंय."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"अगं, गिरणीत तेवीस वर्षं लव कातरायच्या मशीनवरच होतो ना मी."

बाबा गिरणीत होते, एवढंच मी आजवर लोकांना सांगत आले. गाइडला बाबा भेटून पाच मिनिटं झाली होती. मी त्यांची मुलगी, चौतीस वर्षांची, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.