आईजवळची जागा

खडकीच्या दफनभूमीत मी तिसऱ्यांदा शिरले तेव्हा वॉचमन म्हणाला, "मॅडम, आता इथंच मुक्काम करा."

माझ्या हातात पाण्याची बाटली, मऊ ब्रश आणि छोटा आरसा होता. कबरीच्या झिजलेल्या दगडावर समोरून ऊन पडलं तर काही वाचता येत नाही. आरशाने बाजूने कवडसा पाडला की अक्षरं उठून दिसतात. जुन्या दफ्तरांच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी लोकांचे पूर्वज शोधून द्यायचं काम सुरू केलं. जिवंत नातेवाइकांशी पटत नाही म्हणून ही मेलेल्यांच्या मागे लागली, असं आमच्या घरचे म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे.

या वेळचे क्लायंट होते सुधाकर साळवे, साठी ओलांडलेले, खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना आईची कबर हवी होती, आणि तीही लवकर. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, मधे हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. तापाच्या ग्लानीत त्या म्हणाल्या, "मला आईजवळ ठेवा." आक्कांनी लग्न केलं नाही. या भावाला वाढवण्यात आयुष्य गेलं. त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं साळव्यांना आठवत नव्हतं. हे एकच मागणं, आणि आई कुठे आहे तेच ठाऊक नाही.

चर्चच्या पाळकांना मी भेटले. ते म्हणाले, "जागा संपत आलीय. पण कुटुंबाची जुनी कबर असेल, तर तीच उघडून जवळच्या नातेवाइकाला त्यात ठेवता येतं. कबर दाखवा, मी परमिशन देतो."

कबर काही दिसेना. दफनाच्या नोंदींतही रत्नाबाई साळवे हे नाव नव्हतं. मी साळव्यांच्या घरी गेले. आक्का खाटेवर बसून लसूण सोलत होत्या.

"आई गेली तेव्हा कुठे राहत होतात?" मी विचारलं.

"इथेच, क्वार्टर्समध्ये," साळवे म्हणाले. "मी दोन वर्षांचा होतो. तापाने गेली."

"आक्का, तुम्हाला दफन आठवतं?"

"नाही."

"तुम्ही तर चांगल्या मोठ्या असाल तेव्हा."

"बाई, एवढं जुनं कुणाला आठवतं? तुम्ही चहा घ्या. तापात मी काहीबाही बोलले असेन, हा उगाच मनाला लावून घेतो."

आक्कांना लहानपणीच्या शेजाऱ्यांची कुत्री नावानिशी आठवत होती. आईचं दफन तेवढं आठवत नव्हतं. मी चहा घेतला. साळवे बहिणीचं कौतुक सांगत बसले. त्यांच्या दर वाढदिवसाला पहाटे उठून ती भाजी आणायला जायची, आली की शेवयांची खीर करायची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून बाहेर जाणं बंद झालं, खीर मात्र चालू आहे.

दफन सापडत नसेल तर आम्ही लग्न शोधतो. चर्चच्या लग्नाच्या रजिस्टरमध्ये नवरा-नवरीच्या नावांबरोबर त्यांचे वडील आणि राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. साळव्यांच्या आईवडिलांचं लग्न कॅम्पातल्या एका चर्चमध्ये लागलं होतं. एन्ट्री मिळाली. नवरीचे वडील दावीद जगताप, राहणार हडपसर.

साळवे चकित झाले. "आईचं माहेर हडपसरचं? आमच्या वडिलांनी त्या घराचं नावसुद्धा कधी काढलं नाही."

आता विचार साधा होता. बाई नवऱ्याच्या गावात पुरलेली नाही. मग सासर सोडून तरणी लेकुरवाळी बाई जाते कुठे? माहेरी. आणि माहेरी जाते ती भांडून, नाहीतर बाळंतपणाला. मला एव्हाना शंका आली होती. ती मी बोलून दाखवली नाही. दगड सापडेपर्यंत शंका आपल्यापाशीच ठेवावी, असा माझा नियम आहे.

साळव्यांना घेऊन मी हडपसरला गेले. तिथली ख्रिस्ती दफनभूमी एवढीशी होती, सगळीकडून इमारतींनी वेढलेली. राखणदार म्हणाला, "जगतापांची कबर? ती काय कडुलिंबाखाली. त्या घरातलं आता हितं कुणी ऱ्हायलं न्हाय. पन खडकीच्या एक बाई येत व्हत्या दरसाली, नाताळाच्या आदी. शेवंती ठिवून जायच्या. आता दोन-तीन सालं न्हाय आल्या."

मी साळव्यांकडे पाहिलं. त्यांचा वाढदिवस नाताळाच्या आधीच असतो.

दगडावर पाणी ओतलं, आरसा धरला. बाप आणि लेक एकाच कबरीत होते. दावीद जगताप, आणि खाली 'त्यांची कन्या रत्ना साळवे'. त्याखाली ती गेल्याची तारीख.

साळव्यांनी ती वाचली. परत वाचली. मग शेजारच्या कट्ट्यावर बसले.

"ही माझी जन्मतारीख आहे," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. साठ वर्षं न कळलेली गोष्ट माणसाला अशी भर उन्हात, परक्या बाईसमोर कळावी!

आम्ही रिक्षाने परतलो. घरी पोचताच साळवे सरळ आक्कांसमोर जाऊन उभे राहिले.

"आक्का, माझ्या वाढदिवसाला सकाळी तू कुठे जायचीस?"

"भाजीला."

"हडपसरला?"

आक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी अर्धी झाले. "तिथे ताजी मिळते," त्या म्हणाल्या.

"आक्का!"

"काय आक्का? सांगून काय होणार होतं? आई थोडीच परत येणार होती? तुला मात्र वाढदिवसाची खीर कधी गोड लागली नसती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिने तुला पाहिलं होतं रे. मी तिथे होते. हसली होती."

साळवे त्यांच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. मी चपला घालून निघाले. अशा वेळी फीबद्दल बोलायचं नसतं, आणि चहाची वाट तर मुळीच पाहायची नसते.

पुढच्या हिवाळ्यात आक्का गेल्या. हडपसरच्या पाळकांनी लग्नाची नोंद पाहून परमिशन दिली. कडुलिंबाखालची कबर उघडली आणि त्यांना आईजवळ ठेवलं. दगडावर आता तीन नावं आहेत.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. काम आलं की आधी घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला विचारायचं. ती 'आठवत नाही' म्हणाली, की शोध तिथूनच सुरू करायचा.

साळवे दर वाढदिवसाला सकाळी हडपसरला जातात. येताना माझ्याकडे मेथीची एक जुडी टाकतात. आक्का खोटं बोलत नव्हत्या. तिथे खरंच ताजी मिळते.