भोक नसलेल्या ट्यूबचा बुडबुडा

भूत, करणी, उतारा… आमच्या गडमुडशिंगीत असल्या गप्पा रंगल्या की मी सरळ उठून जाते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी., बी.एड. आणि मला त्याचा अभिमान आहे. तरी हे लिहितेय, कारण दिवसाढवळ्या गोठ्यासमोर मी ते पाहिलंय. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही पाहिलंय.

त्या दिवशी जयसिंगपूरच्या एका शाळेत माझी मुलाखत होती. विज्ञानाच्या बाईंची एकच जागा. आणि सकाळी बघते तर बाईकचं मागचं चाक बसलेलं!

पंक्चर मी स्वतःच काढते. आधी व्हॉल्व्हला थुंकी लावली, फुगा आला. म्हणजे पिन ढिली. आवळली, हवा भरली.

"झालं न्हवं? निघ आता," आप्पा म्हणाले.

"आणि आत काटा असला तर? हायवेला जायाचंय. ट्यूब बघितल्याबिगर हलत न्हाय मी."

"मास्तरीण व्हायला निघालीयास का मेस्तरी?"

चाक काढलंच. ट्यूब बाहेर घ्यायच्या आधी टायरवर आणि ट्यूबवर खडूने खुणा केल्या, व्हॉल्व्हपाशी आणि चेनच्या बाजूला. म्हणजे ट्यूबला भोक सापडलं की टायरमधला काटा नेमका कुठे, ते कळतं. मग ट्यूबमध्ये हवा भरून म्हशीच्या पाण्याच्या टाकीत बुडवली.

एका जागेवरून बुडबुडे आले. एकामागून एक, संथ.

पुसलं, घासलं, ताणून पाहिलं… भोक नाही. गालाजवळ धरली, हवा लागत नाही. पुन्हा बुडवली, पुन्हा बुडबुडे. टाकीतूनच येत असतील म्हणून ट्यूब सरकवली, तर बुडबुडेही तिच्याबरोबर सरकले. टाकीऐवजी बादलीत बुडवून पाहिली, तेच. आणि ट्यूब? तशीच टणक! एवढी हवा जातेय तर दाब कमी व्हायला नको?

"आप्पा, दिसतंय न्हवं तुमास्नी?"

"दिसतंय की…" त्यांचा आवाज उतरला. "ऱ्हाऊ दे पोरी. आज जाऊच नगंस."

"जाणार तर हायच. पण हे बघून."

खुणा जुळवून ट्यूब टायरवर ठेवली आणि जिथून बुडबुडे येत होते, बरोबर त्याच जागी टायरमध्ये आतून हात फिरवला. बोट आत गेलं. टायरचे आतले धागे बोटभर लांब फाटलेले. बाहेरून चिखल बसलेला, काही दिसत नव्हतं. हायवेला वेगात हा टायर फुटला असता, तर…

आप्पांनी वाकून ती फट पाहिली.

"वडापच्या जीपनं जातो मी," मी म्हटलं आणि पळाले. पोचले तेव्हा शेवटची उमेदवार बाहेर पडत होती. शिपाई म्हणाला, वेळ संपली. मी दारातून हललेच नाही. शेवटी आत घेतलं. हात ग्रीसने काळे. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी कारण विचारलं, मी टायर फाटल्याचं सांगितलं, बुडबुड्यांचं नाही.

जागा मला मिळाली.

नवीन टायरमध्ये तीच ट्यूब घातली. अजून तिला एकही ठिगळ नाही. नंतर कितीदा बुडवली, एक बुडबुडा येत नाही. वर्गात मी हवेचा दाब शिकवते, आणि त्या सकाळचं गणित मला आजही सुटलेलं नाही. तुमच्यात कुणाला सुटत असेल तर जरूर सांगा. पण "भास झाला असेल" एवढं म्हणू नका. त्या फटीत माझं बोट गेलं होतं.