सुनेच्या गोळ्या

बनाबाई लग्न होऊन काटेवाडीत आली त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका सकाळी दारात भांडण लागलं. ती चुलीपुढं होती. दाराआडून सगळं ऐकू आलं. डेअरीचा महिपती दुधाची किटली परत घेऊन आला होता आणि तिच्या सासऱ्याला, सोनबाला, चार लोकांत विचारत होता.

"सोनबा, काल गाईला इंजेक्शन दिलंय आन् आज दूध डेअरीत घालताय व्हय?"

"कोण म्हणतंय दिलंय?"

"ज्यानं टोचलं त्यो डॉक्टरच म्हणतोय."

"थेंबभर औषध. त्यानं काय हुतंय?"

"थेंबभर असू द्या न्हायतर बादलीभर. लोकांची लेकरं पित्यात हे. चार दिस दूध बाजूला काढायचं. जमत नसंल तर उद्यापासनं किटली आणूच नका."

सोनबा त्या दिवशी जेवला नाही. नव्या सुनेनं मात्र ते चार दिवस मनात पक्के धरले. पुढं गोठा तिच्या हातात आला आणि पस्तीस वर्षांत तिची किटली एकदाही परत आली नाही. गाईला औषध दिलं की चार दिवस दूध ओतून द्यायची, मग घरात चहाला थेंब नसला तरी चालेल. बनाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. गोठा हीच तिची शाळा, आणि त्या शाळेत ती पहिली आली होती. पहिल्या आलेल्या माणसाला दुसऱ्या शाळेतलं काही शिकवायला जाणं मोठं अवघड असतं.

तिचा लेक ऋषिराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याची बायको संजीवनी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची. पोटुशी असताना रक्त तपासलं, तेव्हा तिचं थायरॉईड कमी निघालं आणि गोळी सुरू झाली. बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली, नाव राजलक्ष्मी. सव्वा महिन्यानं संजीवनी लेकराला घेऊन काटेवाडीला आली. दुसऱ्याच सकाळी बनाबाईनं तिला गोळी तोंडात टाकताना बघितलं.

"हे काय गं?"

"थायरॉईडची गोळी, आत्या. रोज उपाशीपोटी घ्यायची असती."

"आन् वर पोरीला पाजतीस?"

"पाजलं तरी चालतं. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"डॉक्टरीणबाईंनी गाय पाळलीय का कधी?"

संजीवनीनं नवऱ्याकडं बघितलं. ऋषिराज बुटाची नाडी बांधत म्हणाला, "आईला दुधातलं कळतं. थोडे दिवस थांब, मग बघू." आणि कामावर गेला. त्याला आठ तास कंपनीत जायचं असायचं, त्यामुळं त्याचं सगळं 'मग बघू' असायचं.

बनाबाईनं गोळ्यांची बाटली लुगड्यांच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. मग चार दिवस मोजले. संजीवनीनं अंगावरचं दूध वाटीत पिळायचं आणि पायदळी येऊ नये म्हणून ते कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायचं. पोरगी आत गाईच्या पातळ दुधावर रडायची, आणि आई झाडापाशी वाटी घेऊन उभी राहायची. पाचव्या दिवशी बनाबाईनं स्वतः लेकरू तिच्या मांडीवर दिलं. "आता पाज निवांत. आता दूध चोख हाय."

चोख होतं, पण कमी होतं. आणि पुढं कमीच होत गेलं. बनाबाईनं हात आखडला नाही. अळीवाची खीर, शेपूची भाजी, साजूक तुपातले डिंकाचे लाडू, सगळं स्वतःच्या हातानं केलं. पण महिना-दीड महिन्यात संजीवनी बसल्या जागी पेंगायला लागली. तोंड सुजलं, आवाज जाड झाला, विंचरताना फणीत केसांचे पुंजके यायला लागले. वैशाखाच्या उन्हात ती गोधडी ओढून बसायची. बनाबाई डेअरीवर बायकांना म्हणाली, "आमची सून म्हंजी अजगर. खाती आन् लोळती. दूध कुठनं यील?" बायका हसल्या. हसलेलं सगळं तिसऱ्या दिवशी संजीवनीपर्यंत पोचलं.

पोरगी तीन महिन्यांची झाली आणि जुलाबानं पार गळून गेली. सासू-सून तिला घेऊन बारामतीला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी लेकराला सलाईन लावलं, आणि मग आईकडं बघितलं.

"गोळी कधीपासून बंद आहे?"

"म्याच बंद केली," बनाबाई अभिमानानं म्हणाली. "औषधाचं दूध म्या लेकराला देत न्हाय."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजी, गाईला टोचता ते बाहेरचं औषध. तुमच्या-माझ्या गळ्यातली ग्रंथी जे रोज बनवते, ते हिची पुरेसं बनवत नाही. ही गोळी तेवढीच भर घालते. दुधात उतरतं ते नावापुरतं, त्यानं बाळाला काही होत नाही. गोळी थांबली म्हणून हिचं असं झालं. दूधही बहुतेक त्यानंच आटलं, आणि चार दिवस पोर अंगाला लावलं नाही त्यानंही."

"आता परत सुरू किली तर यील का?"

"प्रयत्न करू."

प्रयत्न केला. दोन-तीन महिन्यांत संजीवनी पहिल्यासारखी चालती-बोलती झाली. लेकरू वाचलं, पण डब्यातल्या दुधावर. अंगावरचं दूध काही परत आलं नाही.

लेकराला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी एसटीत संजीवनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत्या, म्या गाय असते तर बरं झालं असतं. गाईचं औषध तुमी कधी बंद किलं न्हाय."

हे तिचं सासूशी शेवटचं बोलणं. त्या वर्षी एकाच अंगणात दोन चुली झाल्या. दुसऱ्या बाळंतपणाला संजीवनी वरकुट्याला गेली ती चौदा महिन्यांनी परतली. मुलगा झाला होता, यशराज. रोज गोळी घेऊन तिनं त्याला सगळे महिने अंगावर पाजलं होतं. चांगला गुटगुटीत, चालायला लागलेला नातू बनाबाईनं पहिल्यांदा अंगणात बघितला, आणि तो तिला बघून रडला.

एकदा ऋषिराज बाटली आणायला विसरला आणि आठवडाभर संजीवनी गोळीवाचून राहिली. तेव्हापासून ते काम बनाबाईनं घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. रिकामी बाटली सुनेच्या खिडकीत दिसली की ती उचलायची आणि गुरुवारी बाजाराच्या एसटीनं बारामतीला जायची. मेडिकलवाला अफजल म्हणायचा, "मावशी, गिऱ्हाइकात तुमीच एक अशा, ज्यांना स्वतःचं काय दुखत न्हाय." ती त्याच्याकडून बाटलीवरची तारीख दोनदा वाचून घ्यायची. परत आली की भरलेली बाटली खिडकीत ठेवायची, एकदा खोकायची आणि निघून जायची. पाठ फिरल्यावर आतून हात यायचा. सहा वर्षं असंच चाललं.

बनाबाई वारली त्याच्या आदल्या गुरुवारीही ती बारामतीला गेली होती. दोन दिवस दम लागत होता, कुणाला सांगितलं नव्हतं.

"मावशी, तोंड उतरलंय. बसा, पाणी घ्या," अफजल म्हणाला.

"पाणी नगं. तारीख वाच."

त्यानं वाचली. "परत वाच." त्यानं परत वाचली.

फाट्यावर उतरून ती थांबत थांबत घरी आली. आत संजीवनी भाकरी थापत होती. राजलक्ष्मी म्हणाली, "आई, आजी आली." थापण्याचा आवाज थांबला नाही. बनाबाईनं खिडकीच्या गजांतून हात घालून बाटली ठेवली, एकदा खोकली, आणि धारेची वेळ झाली म्हणून गोठ्याकडं गेली.