दोन घरं खाली

गिटार गळ्यात घालून मी एका अनोळखी बाळाच्या बारशाला जाऊन बसलो होतो. नुसता बसलो नाही, अर्धा तास वाजवलंसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, वय झालं याचं. तेच तर सांगायचंय. वय झालंय हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यातूनच हे सगळं झालं.

आधी आमच्या बँडविषयी सांगतो. आम्ही चौघं लोणावळ्याचे. दिलीप गायचा, नंदू बेस गिटार, मायकल ड्रम्स आणि मी लीड गिटार. बँडचं नाव 'दरड'. घाटाच्या तोंडाशी वाढलेल्या मुलांना दुसरं काय सुचणार? कॉलेजात असताना आम्ही स्वतः रचलेलं एक गाणं होतं, आणि त्या गाण्याच्या मधोमध माझा एक मिनिटाचा सोलो. गिटारच्या दांडीवर पट्ट्यांमधल्या ज्या जागा असतात ना, फ्रेट म्हणतात त्यांना, आम्ही घरं म्हणायचो. तर पाचव्या घरापासून सुरू करून मी जो वर धावत सुटायचो तो थेट बाविसाव्यापर्यंत. पोरं बाकांवर उभी राहायची. निदान माझी तशी आठवण आहे.

पुढे नोकऱ्या लागल्या. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालो. पण वर्षातून एक-दोनदा आम्ही वाजवतोच. कुणाचं घरचं कार्य, कुणाची सोसायटी.

आता मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. सकाळी उठलं की डाव्या हाताची अनामिका वळलेली असते ती वळलेलीच राहते. उजव्या हातानं सरळ करावी लागते, आणि ती उघडताना 'टक' असा आवाज येतो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, पूर्वीसारखं कधी होईल? त्यांनी माझं वय विचारलं आणि गोळ्या लिहायला घेतल्या.

मग मी सोलोमध्ये गुपचूप काटछाट सुरू केली. जिथं दहा सूर होते तिथं सहा. मधल्या रिकाम्या जागेत डोळे मिटायचे आणि मान जोरात हलवायची. पूर्वी मान हलवली की केस उडायचे, आता नुसता चष्मा सरकतो. पण लोकांना वाटतं, माणूस रंगलाय.

तर झालं काय, नंदूच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मळवलीला त्याचा बंगला आहे, टेकडीच्या उतारावर. तिथं जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता कार्यक्रम ठरला. वहिनींनी नंदूकडं एकच मागणं केलं होतं, तुमचं ते कॉलेजातलं गाणं वाजवा. वहिनी आमच्याच कॉलेजातल्या, त्या काळापासून आम्हाला ऐकत आलेल्या.

आदल्या संध्याकाळी बंगल्यावर तालीम केली. शेवटच्या ओळीला दिलीपचा आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तो हळूच म्हणाला की थोडा सूर उतरवून बघूया का. त्यावर मी त्याला भाषणच दिलं. म्हणालो, चाळीस वर्षं जे गाणं ज्या सुरात वाजवलं ते त्याच सुरात होईल, उतरवायचं असेल तर मग मफलर गुंडाळून खुर्चीत बसूनच वाजवू की. स्वतःचे चार सूर खाल्लेला माणूस हे बोलत होता, हे लक्षात घ्या. दिलीप माइकची वायर गुंडाळायला लागला. मला वाटलं, पटलं त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळवलीत कडाक्याची थंडी. माझी बोटं लाकडासारखी झालेली. बंगला सांभाळणाऱ्या हौसामावशी आहेत, जवळच्याच औंढ्याच्या. त्यांच्याकडून मी गरम पाण्याची बादली मागून घेतली आणि कुणाला दिसू नये म्हणून बंगल्याच्या मागं जाऊन त्यात हात बुडवून बसलो. काळा टी-शर्ट, फाटकी जीन्स, आणि हात बादलीत. मावशी मला आबा म्हणतात. मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं की मला भाऊ म्हणा, पण त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि आबाच म्हणत राहिल्या.

तेव्हा बंगल्याच्या पुढच्या अंगणात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दिलीप, नंदू आणि मायकल यांनी गाणं दोन घरं खाली, म्हणजे खालच्या सुरात घ्यायचं ठरवलं होतं. पण मला सांगायचं कुणी? तिघंही घाबरले. तेवढ्यात मावशी माझ्यासाठी आणखी गरम पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या, तर दिलीपनं त्यांच्याकडंच निरोप दिला, त्याला म्हणावं दोन घरं खाली ये, आणि तो पळाला.

मावशी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "आबा, तुमाला दोन घरं खाली बोलावलंय."

मी विचारलं, "खाली कुठं?"

"ह्यो आपला बंगला, त्यो मधला, त्याच्या खालचा पांढरा. मांडव घातलाय बगा तितं."

खरंच मांडव दिसत होता. झेंडूच्या माळाही होत्या. मी म्हटलं, नंदूनं पाहुणे जास्त झाले म्हणून मोठा बंगला घेतला असणार. हात पुसले, गिटार गळ्यात अडकवली आणि उतार उतरलो.

दारातच एक आजीबाई भेटल्या. म्हणाल्या, "गिटारवाले ना? या, उशीर केलात." आता सांगा, मी काय समजायचं? आत सजवलेला पाळणा होता, त्यात बाळ झोपलेलं. नंदूला नातू झाला आणि मला कळवलंसुद्धा नाही, असं वाटून मला जरा रागच आला. बाकीचे कुठं आहेत विचारलं, तर आजी म्हणाल्या, येतील सगळे जेवणाआधी, तुम्ही सुरू करा, फक्त हळू वाजवा, बाळ निजलंय.

त्यांच्या स्पीकरला वायर जोडली आणि हळू वाजवायला लागलो. खरं सांगू? फार बरं वाटलं. हळू वाजवायचं म्हटल्यावर बोट अडकायचा प्रश्नच नव्हता. बायका कामं थांबवून ऐकत होत्या. बाळानं एकदा डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मी पंचवीस मिनिटं एकाच चालीभोवती फिरत राहिलो आणि दिलीप का येत नाही हा विचारही मनात आला नाही.

मग दारात गिटारची काळी बॅग पाठीला लावलेली एक मुलगी येऊन उभी राहिली. माझं वाजवणं संपेपर्यंत ती थांबली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, आज इथं मला बोलावलंय. तुम्हालाही बोलावलंय का?"

आजीबाईंनी विचारलं की मग तुम्ही कोण. मी सांगितलं, नंदूचा मित्र. तर त्या म्हणाल्या, "कोण नंदू?"

मी फोन काढला. अकरा मिस्ड कॉल. फोन खिशात थरथरत होता, पण मला वाटलं स्पीकरमुळं मांडी हादरतेय. आजींनी मात्र घुगऱ्या हातावर ठेवल्याशिवाय सोडलं नाही.

चढ चढून वर पोचेपर्यंत मला धाप लागली. सत्तरएक पाहुणे खुर्च्यांवर ताटकळत होते. नंदूनं मला जवळजवळ ढकलतच माझ्या जागेवर उभं केलं. दिलीपनं घाईघाईत विचारलं, निरोप मिळाला ना? मी म्हटलं, मिळाला, म्हणून तर उशीर झाला. त्याला काही कळलं नाही, पण तोवर मायकलनं काठ्या वाजवून ताल दिला होता.

आणि गाणं सुरू झालं. मी जुन्या सुरात, दिलीप आणि नंदू दोन घरं खाली.

तो आवाज कसा होता ते विचारू नका. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. मला पहिल्या सुरांनाच कळलं की काहीतरी चुकतंय. आणि माझ्या मनात काय आलं? बिचारा नंदू, वयामुळं बेसूर झाला. मग दिलीप गायला लागला, तोही खाली. म्हटलं, दोघंही गेले. त्यांना खरा सूर सापडावा म्हणून मी माझा आवाज वाढवला. नंदू माझ्याकडं बघून दोन बोटं दाखवायला लागला. मला वाटलं, विजयाची खूण करतोय. मीही दोन बोटं दाखवली आणि आवाज आणखी वाढवला.

शेवटी मायकलनंच वाजवणं थांबवलं. दिलीप माझ्याजवळ आला, हातात माइक तसाच चालू. म्हणाला, "अरे, दोन घरं खाली ये म्हणून निरोप पाठवला होता ना?"

मी म्हणालो, "गेलो होतो की. बारसं होतं तिथं."

मागून हौसामावशींनी साक्ष दिली, "व्हय, म्याच वाट दावली आबांना."

सत्तर माणसं हसत होती. दिलीपनं माइक बंद केला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माझा गळा आता तिथवर जात नाही रे. तुला सांगायची भीती वाटली."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांचा मित्र, आणि त्याला माझी भीती वाटावी? म्हटलं, आता आपणही कबूल करून टाकावं. मी त्याला डावा हात दाखवला. म्हणालो, हे बोट अडकतं, सहा महिने लपवतोय.

"माहीत आहे," तो म्हणाला. "ते टक वाजतं ना, ते माइकमध्ये येतं."

मग आम्ही दोन घरं खाली गाणं घेतलं. दिलीपची शेवटची ओळ अगदी स्वच्छ लागली. सोलोत मी दहाच्या जागी सहाच सूर वाजवले, तेही सावकाश, आणि मान हलवली नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

जेवताना वहिनी मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मीच आपणहून म्हणालो की वहिनी, पूर्वीसारखा सोलो नाही झाला, माफ करा.

"अहो, छान झाला," त्या म्हणाल्या. "कॉलेजात तुमचं ते मधलं सुरू झालं की आम्ही मैत्रिणी कँटीनला जायचो, नंतरही मी चहाचं बघायला उठायचे. हे गाणं मी आज पहिल्यांदा पूर्ण ऐकलं."