किसनराव मास्तरांचं पत्रवाचन

आमच्या गावची शाळा आणि गावचं पोस्ट एकाच खोलीत होतं, आणि दोन्हींचे धनी एकच, किसनराव मास्तर. आठवड्यातून दोनदा बुधाजी डाकवाला चांदूर बाजारहून थैली घेऊन यायचा. मास्तर पोरांना पाढ्यांना जुंपायचे आणि शाळेच्या टेबलावर पत्रं मांडायचे. गावात वाचता येणारे मोजून चार, त्यातले तीन मास्तरांच्या घरचे. म्हणून ज्याचं पत्र त्याने टेबलापाशी यायचं आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत ते वाचायचं, असा रिवाज पडला होता. कुणाच्या घरात काय चाललंय हे त्या घराच्या आधी तिसरीच्या पोरांना कळायचं.

मास्तरांचा आवाज भारदस्त. अडचण एवढीच होती की त्यांना जवळचं दिसत नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरने चष्मा दिला होता, पण त्याच साली त्यांचं दुसरं लग्न झालं. नवी बायको विशीतली. चष्मा ट्रंकेत गेला तो गेलाच.

पत्र कुणाचं, कुठून आलं हे बुधाजी आल्याआल्या सांगायचा. पुढचं मास्तर बोटांनी भागवायचे. कोपरा फाटका लागला की कुणीतरी गेलं. कोपऱ्यावर कुंकू खरखरलं की लग्न. दोन्ही नसेल तर "तीर्थरूप अमक्यातमक्यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवीत जावी." त्या काळची निम्मी पत्रं खरोखरच एवढंच सांगायची, त्यामुळे कित्येक वर्षं हे सुखाने चाललं.

एकदा नत्थुजी पाटलांना फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आलं. मास्तरांनी चेहरा पाडून सासरे वारल्याचं वाचलं. गोदाबाईने, म्हणजे नत्थुजींच्या बायकोने, रडून आळी गोळा केली. दोघं छकडा जुंपून तिच्या माहेरी पोचले, तर सासरे ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. गेली होती त्यांची म्हातारी मावशी. परत आल्यावर मास्तर म्हणाले, "लिवणारानं घाईत लिवलं, त्याले मी काय करू?" नत्थुजींना ते पटलं. वर त्यांनी मास्तरांना वांगी पाठवली.

माझी आई, भागीरथा, लोकांच्या वावरात तण निंदायला जायची. बौद्ध झाल्यापासून तिने वाचायला शिकायचंच असं धरलं होतं. सरकारने प्रौढांचा वर्ग काढला तेव्हा दिवेलागणीला ती पाटी घेऊन शाळेत जाऊन बसायची. मास्तर फळ्यावर हातहात मोठी अक्षरं काढायचे, त्याला जवळची नजर लागत नाही. आमच्या वस्तीच्या बाया दाराबाहेर, बाकीच्या आत. आई उंबऱ्यापलीकडून शिकली. छापील तिला जमायला लागलं होतं, पण हाताने लिहिलेलं वाचणं हे मास्तरांचंच काम, अशी तिची समजूत होती.

मी तेव्हा अमरावतीला बोर्डिंगात होतो. एकोणसाठच्या जूनमध्ये मी पाकिटातून फारम पाठवला. त्यावर पालकाची निशाणी होऊन तो पंधरा जुलैपर्यंत परत यायला हवा होता, नाहीतर बोर्डिंगातून नाव कमी. नाव कमी म्हणजे शाळा संपली आणि मीही वावरात. मास्तरांनी ते पाकीट "सर्व खुशाल" म्हणून वाचलं आणि फारम चाचपून म्हणाले, "मार्कांचा कागद आहे, जपून ठेव." आईने तो तसबिरीमागे जपून ठेवला.

मी आठ दिवस वाट पाहिली, पंधरा दिवस पाहिली. मग चिडून कार्ड लिहिलं. राग मोठा होता, म्हणून अक्षरंही मोठी आली.

कार्ड चौदा जुलैला पोचलं. मास्तरांनी वाचलं, "तीर्थरूप मातोश्री भागीरथाबाई यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष," आणि नेहमीसारखं, हाताला हात लागू नये म्हणून, टेबलाच्या कडेला सरकवलं. आईने ते उचललं आणि तिथेच उभी राहिली.

"मास्तर, इथं सुरवातीले दोनच अक्षरं हायेत. आ आन् ई. तुमी येवढं लंबं कुठून वाचलं?"

"हातचं अक्षर तुले नाही समजत, भागीरथा. घरी जाय."

ती गेली नाही. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचत राहिली. आई, फारम का नाही पाठवला. पंधरा शेवटची तारीख. तुझा अंगठा नाही लागला तर माझं नाव जाईल. पोरांचे पाढे थांबले. मास्तर खिडकीतून लांबच्या बाभळीकडे बघत बसले, ती त्यांना स्पष्ट दिसत असे.

आईने तसबिरीमागचा फारम काढला, चांदूर बाजार चालत गाठलं, रात्री बाजारातल्या ओळखीच्या बाईकडे टेकली आणि पहाटेच्या मोटारीने अमरावतीला आली. बोर्डिंगच्या दारात तिला बघून मी धड बोललोही नाही. येवढा उशीर कावून केला म्हणून तिच्यावरच खेकसलो. बोर्डिंगच्या कचेरीपर्यंत तिने कुणाचंच नाव घेतलं नाही.

कारकुनाने फारम तपासला आणि शाईची गादी पुढे सरकवली. मी आईचा उजवा हात धरला, अंगठा मोकळा केला आणि गादीवर टेकवायला नेला. हे काम मी लहानपणापासून करत आलो होतो. रेशनवर, कचेरीत, सगळीकडे.

तिने हात सोडवून घेतला.

"धर्मपाल, तुयं कार्ड वाचून आली मी," ती म्हणाली. "तू कोणाले लिवलं होतं ते?"

कारकुनाकडून टाक घेऊन ती नाव लिहायला बसली. भागीरथा लिहायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी, मघाशी तिचा अंगठा धरलेला माझा हात कुठे ठेवावा ते न कळून, तिथे उभा होतो.