भूषणचं नाक

माझा धाकटा बुद्धभूषण लहानपणी वासावरून सांगायचा, कोणाच्या घरी कालवणाला काय आहे ते. आम्ही तासगावचे. मी बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची, द्राक्षं द्रावणात बुडवायची आणि जाळीच्या रॅकवर पसरायची. हा तिथेच गोणपाटावर झोपायचा. एकदा झोपेतच म्हणाला, "आई, तिसऱ्या रॅकला बुरशी आली." मुकादम हसला. दुसऱ्या दिवशी त्याच रॅकचा माल फेकावा लागला, तेव्हा मात्र हसला नाही.

पुढे तो इंजिनिअर झाला, उपासनाशी लग्न झालं, दोघं इकडे अमेरिकेत पिस्कॅटवेला आले, मागून मलाही बोलावून घेतलं. उपासना औषधांच्या कंपनीत आहे. ग्रीन कार्ड आलं आणि वर्षाच्या आत याची नोकरी गेली. घरात बसून बसून पोरगा वाळत चालला होता. एक दिवस म्हणाला, "आई, मी दुकानात लागलोय. वाइनच्या."

मी चौथी शिकलेली बाई, पण पंचशील मला पाठ आहे. पाचवं शील म्हणतं नशेपासून लांब राहा, आणि हा धंदा कसला करतोय! म्हटलं, "घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यासमोर उभं राहून सांग हे."

"अगं आई, मी पीत नाही. तोंडात घ्यायची, फिरवायची आणि थुंकायची. सगळे तसंच करतात. प्यायला लागलो तर दुपारपर्यंत आडवा होईन ना!"

मला पटलं नाही. पण थुंकायचीच आहे तर नीट थुंक म्हणून मी त्याला गावाकडून आणलेला स्टीलचा गडू दिला. घरी सराव करताना तो त्यातच थुंकायचा, आणि मी रोज तो घासायची. पुण्य की पाप, मला कोणी विचारू नये.

दुकान होतं कार्मेलाबाईंचं. सत्तरीची इटालियन बाई, माझ्यासारखीच गुडघ्यांनी गेलेली. ती त्याला 'बडी' म्हणायची आणि मला 'मामा', म्हणजे त्यांच्यात आई. दुकानात फक्त इटलीचा माल. मला वाटायचं दारू ती दारू, पण भूषण सांगायला लागला की ऐकत राहावंसं वाटायचं. म्हणायचा, तिथे प्रत्येक गावची वेगळी, आपल्याकडे मसाला असतो तशी. पिडमाँट म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथली बारोलो दिसायला फिकी, पण तोंडात घेतली की कच्च्या सुपारीसारखी जीभ आवळून धरते, आणि वास मात्र गुलाबाचा नि रस्त्यावर नुकत्याच ओतलेल्या डांबराचा. कियांती आमसुलासारखी आंबटसर. सार्डिनिया बेटावरची पांढरी म्हणजे लिंबाची साल खारट वाऱ्यात ठेवल्यासारखी. लाम्ब्रुस्को तर लालभडक आणि सोड्यासारखी फसफसणारी. तिकडचे लोक ती थंड करून तेलकट जेवणाबरोबर घेतात. आणि एटना नावाचा डोंगर आहे, अजून धूर ओकतो, त्याच्या राखेत वाढलेल्या द्राक्षाला विझवलेल्या चुलीचा वास येतो म्हणे.

आमारोने नावाची वाइन कशी करतात ते सांगितलं, तेव्हा मी तव्यावरची पोळी विसरले. वेरोनाच्या बाजूला पिकलेले घड तोडतात आणि माळ्यावर बांबूच्या रॅकवर पसरून ठेवतात. तीन-चार महिने. खिडक्या उघड्या, वारा खेळता. बुरशी आली की घड काढून टाकायचा. द्राक्षं सुकून हलकी झाली की भर थंडीत त्यांचा रस काढायचा, आणि तो सावकाश आंबवायचा.

"अरे, ही तर आपली शेड!" मी म्हटलं.

"तेच तर म्हणतोय! फक्त तू बेदाणा होईपर्यंत थांबायचीस, ते जरा आधी थांबतात."

मी एक थेंब घेतला नाही. पण वास घ्यायला कुठल्या शीलात बंदी नाही. त्याने ग्लास नाकाशी धरला, आणि तुम्हाला सांगते, मला माझे सुजलेले हात आठवले, बेदाण्याला द्यायची गंधकाची धुरी आठवली, गोणपाटावर झोपलेलं पोर आठवलं.

कार्मेलाबाईंनी ठरवलं होतं, येत्या वसंतात इटलीला माल निवडायला भूषणला पाठवायचं. तिचा बाप जायचा, मग ती जायची. आता बडी. ज्यानं आयुष्यात इटली पाहिली नव्हती, तो घरात गावांची नावं घेत फिरायला लागला. रुही, माझी नात, म्हणायची, "बाबा, यू टॉक लाइक अ मेन्यू कार्ड." तो खूश.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला.

सुरुवातीला आम्ही हसलो. मेथीचा लाडू खाऊन म्हणाला, "खडू आहे का?" पण महिने उलटले. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ चार वास घ्या, नाकाला पुन्हा शिकवा. मी काचेच्या चार बरण्या भरल्या. लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाबाच्या पाकळ्या. बाहेरून फडकं गुंडाळलं, दिसू नये म्हणून. लवंगा खडखडायला लागल्या तर त्या कापसात घातल्या. तो डोळे मिटून बसायचा, मी एकेक बरणी नाकाशी धरायची. "काय?" "काही नाही." "आता?" "काही नाही, आई." जपमाळ ओढावी तसं.

दुकानात त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. रंग बघून, लेबल वाचून, आठवणीवर चालवत होता. जीभ आंबट, कडू एवढं सांगायची. बाकीचं तो रचायचा.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी बरणी धरली, आणि तो थांबला. डोळे उघडले. "गुलाब," म्हणाला. "आई, गुलाब! आला गं, आला!" मला मिठी मारून रडला. उपासनाला हाक मारली, ती ओल्या हातांनी धावत आली. त्यानं लगेच कार्मेलाबाईंना फोन लावला, तिकीट काढा म्हणून. मीही हसले. पोरगं हसतंय म्हटल्यावर हसू येतंच.

मग बरण्या आवरायला घेतल्या. गुलाबाची बरणी सकाळी मी धुऊन वाळत घातली होती. पाकळ्या जुन्या झाल्या होत्या, नव्या भरायच्या राहिल्या होत्या. फडकं तेवढं गुंडाळून ठेवलं होतं. बरणी रिकामी होती. मी तिचा वास घेतला. कशाचाच नव्हता.

उपासनाला स्वयंपाकघरात सांगितलं. तिने भांडं खाली ठेवलं. "आई, प्लीज, नका सांगू. किती दिवसांनी हसलाय तो."

"आणि तिकडे जाऊन नासका माल उचलला तर?"

"कदाचित येईलही तोवर."

कदाचित म्हणजे काय, हे शेडवर काम केलेल्या बाईला कोणी शिकवू नये. बुरशीचा घड ठेवला तर रॅक जातो.

सकाळी चहा देताना सांगितलं. "भूषण, कालची बरणी रिकामी होती."

त्याने कप खाली ठेवला. "मग तू हसलीस कशाला?"

"तू हसलास म्हणून."

"तुझीच चूक झाली असेल. पाकळ्या पडल्या असतील कुठे. मला आला होता वास, खरंच आला होता." मग म्हणाला, "चल माझ्याबरोबर. कार्मेलासमोर बघू."

मी गेले. दुकान अजून उघडायचं होतं. त्याने तिला सगळं सांगितलं, मला कळावं म्हणून मधेमधे मराठीतही. तिने मागच्या बाजूला जाऊन तीन ग्लास भरून आणले. तिसरा टेबलावर ठेवला, तशी मला लांबूनच पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याची घाण आली. बूच खराब होऊन वाइन नासली की तसा वास येतो, हे भूषणनेच मला शिकवलं होतं.

त्याने पहिले दोन घेतले, काहीबाही बोलला. मग तिसरा उचलला. उजेडात धरला, तिरका केला, गोल फिरवला. रंग गडद होता. डोळे मिटून नाक आत घातलं आणि बोलायला लागला. आमारोने. सुकलेली चेरी, बेदाणा, माळ्यावरचं जुनं लाकूड, शेवटी कडवट कोको. काय सुंदर बोलत होता! मधेच मराठीत म्हणाला, "आई, तुझी शेड." तोंडात घेतली, फिरवली, थुंकली. आणि आमच्याकडे पाहिलं.

कार्मेलाबाईंचे डोळे भरले होते. मी खाली लादीकडे बघत होते. त्याला कळलं.

"बडी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून "मामा" म्हणाली आणि माझा हात धरून ठेवला.

इटलीला ती स्वतःच गेली, गुडघ्यांना पट्टे बांधून. बाई चांगली म्हणून याला काढलं नाही. मागे गोडाऊनमध्ये ठेवलं, खोकी लावायला आणि कॉम्प्युटरवरच्या ऑर्डरी बघायला. पुढे गिऱ्हाइकांसमोर ग्लास घेऊन बोलायला नवीन मुलगी आली. भूषण म्हणतो, तिला बारोलो आणि कोकाकोलात फरक कळत नाही. पण तिला नाक आहे.

डॉक्टर आता म्हणतात, एवढ्या काळानंतर फार आशा धरू नका. बरण्या मी महिनाभर भरत राहिले. मग एका सकाळी तो बसायला आलाच नाही, आणि मीही हाक मारली नाही. लवंगा मसाल्यात टाकल्या.

परवा रविवारी दुपारी तो आमारोनेची बाटली घेऊन आला. ओट्यापाशी उभं राहून ग्लास भरला, आधी माझ्यासमोर धरला. "सांग."

मी वास घेतला. "बेदाणा आहे. लाकूड आहे. थोडी धुरी."

"धुरी नसते गं आमारोनेत."

"मला येते."

तो हसला, पहिल्यासारखा नाही. ग्लास घेऊन खिडकीशी जाऊन बसला. बाहेर शेजारी बर्फ लोटत होता, रुही वर गाणी लावून बसली होती, उपासना कपड्यांच्या घड्या घालत होती. मी भाजी निवडत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने ग्लास पुन्हा भरला. मग आणखी एकदा.

तो झोपायला वर गेल्यावर मी उठले. गडू खिडकीत त्याच्या जागेवर होता, नेहमी असतो तिथेच. घासायला घेतला, तर आतून कोरडा. बाटली मात्र संपली होती.

तरी मी गडू घासून पालथा ठेवला.