तौनोची वाक्यं

इर्मेलीनं डीव्हीडी भांड्यांच्या साबणानं धुतली, मऊ फडक्यानं पुसली आणि पुन्हा कॉम्प्युटरात सरकवली. मघाशी ती अर्ध्यातच अडकली होती. आत नुसती घरघर चालली होती.

गुरुवारी तिच्या नवऱ्याची, तौनोची, शेवटची तपासणी होती. पक्षाघातानं त्याची वाचा गेली होती. वाचा-उपचार करणाऱ्या साइयानं गोड आवाजातच सांगितलं होतं, सुधारणा दिसली नाही तर उपचार थांबवावे लागतील. तिनं पुढ्यात ठेवलेली मांजर-सफरचंदाची कार्डं तौनो हातानं बाजूला सारायचा. सारणारच! जन्मभर परदेशी सिनेमांखाली फिनिश ओळी लिहिलेला माणूस तो, मांजर कसली वाचतोय!

"त्याचीच वाक्यं वाचायला दिली तर?" इर्मेलीनं विचारलं होतं.

"आणा की," साइया म्हणाली होती.

म्हणून त्यानंच भाषांतर केलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीवरून ओळी उतरवून घ्यायची ही उठाठेव. कुओपिओहून बहिणीचा, काइसूचा, फोन आला.

"अगं, सबटायटलं नेटवर आयती मिळतात. डोळे कशाला फोडतेस?"

"ती दुसऱ्या कुणाची तरी असतात. मला याची हवीत."

"तू म्हणजे ना, त्याच्याहून हट्टी."

"बरं, ठेव आता. डिस्क फिरायला लागली."

डीव्हीडीवरच्या ओळी म्हणजे अक्षरं नव्हेत, अक्षरांची चित्रं. प्रोग्रॅम एकेक चित्र पुढे करून विचारायचा, हे काय? डोक्यावर दोन टिंबं असलेला हा ए की ओ? एकदा चुकीचं सांगितलं की तीच चूक सिनेमाभर. प्रत्येक चित्र ती दोनदा बघायची, मगच बटण दाबायची. तौनो मागे खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होता. त्याला विचारायची सोय नव्हती, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागत होतं.

अखेर फाइल तयार झाली. इर्मेली मुळातच टापटिपीची. ओळींचे क्रमांक, मिनिटं-सेकंद, सगळा केरकचरा तिनं काढून टाकला आणि मोठ्या टायपात छापून घेतलं.

गुरुवारी साइयानं कागद तौनोपुढे ठेवले. तो पहिल्या ओळीकडे बघत राहिला. ओठ हलले, आवाज नाही. इर्मेलीनं पर्सचा पट्टा मुठीत आवळला. वाच रे बाबा, एक तरी शब्द वाच.

"घाई नाही, तौनो," साइया म्हणाली. पण तिनं घड्याळाकडे बघितलंच.

तौनोनं पान उलटलं. मग दुसरं. मग भराभर सगळी, थेट शेवटच्यापर्यंत. तिथं शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर त्यानं बोट टेकवलं आणि बायकोकडे बघितलं. चेहरा लालबुंद.

"काय झालं? दुखतंय का कुठं?"

त्यानं बोट पुन्हा आपटलं. इर्मेलीला काही उमगेना. साइयानं पेन खाली ठेवलं, आणि संपलंच सगळं असं वाटून इर्मेलीचे डोळे भरून आले.

"सुओ..." तौनोच्या घशातून आलं. "सुओमेन्नोस."

म्हणजे 'फिनिश भाषांतर'. आता इर्मेलीला उमगलं. सिनेमा संपला की शेवटी पडद्यावर ही ओळ यायची, पुढे भाषांतरकाराचं नाव. क्रमांकांबरोबर तिनं तीही उडवली होती. सिनेमातलं कुणी ते बोलत नव्हतं, म्हणून.

"मी काढलं रे," ती म्हणाली. "मीच काढलं. माझं चुकलं."

तौनो तिच्यावर डोळे वटारून बसला होता. झटका आल्यापासून त्याला स्वतःचं नाव एकदाही सांगता आलं नव्हतं. नर्सनं विचारलं की इर्मेलीच उत्तर देऊन टाकायची.

साइयानं हळूच पेन उचललं. "भाषांतर कुणाचं?"

इर्मेलीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

"तौनो," तो म्हणाला. मोठा श्वास घेतला. "लेह... लेहमुस्तो." आणि साइयापुढच्या कागदाकडे बोट दाखवलं, लिही म्हणून.